तुम्ही विचारलंत म्हणून: सीझन संपला, आता टार्गेट काय ठेवू?

मुंबई मॅरेथॉन आटोपली की फेब्रुवारीत कोल्हापुरात रंकाळ्यावर कुणीतरी हमखास गाठतं. "सर, आता पुढचं टार्गेट काय?" मी बोलायच्या आत उत्तरही त्यांच्याच तोंडून येतं, "पुढच्या वेळी चार तासांच्या आत."

ते पुढच्या जानेवारीचं झालं. फेब्रुवारी ते मे काय करायचं, हे त्यातून कळत नाही. उलट एप्रिलच्या उन्हात घड्याळाच्या मागं लागून जूनपर्यंत पाय दुखावून बसलेली पोरं मी दरवर्षी बघतो, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

आपल्या गावाला ऑफ-सीझन नवा नाही. पावसाळ्यात कुस्तीची मैदानं थांबतात, तालीम थांबत नाही. लहानपणी मी ज्या तालमीत जायचो, तिथले वस्ताद जत्रांचा हंगाम संपला की प्रत्येकाला एकच विचारायचे, "कशात सापडलास?" जो पटात, म्हणजे पाय धरून पाडायच्या डावात, सापडला, त्याची पावसाळाभराची मेहनत त्यासाठीच. पुढं कुणाला चितपट करायचं, हा विषयच निघायचा नाही.

मी धावायला लागल्यावर मात्र हे विसरलो होतो. सलग दोन वर्षं परतीच्या पेडर रोडच्या चढावर माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला. मीठ कमी पडतंय असं धरून मी इलेक्ट्रोलाइट बदलत राहिलो. मग एका फेब्रुवारीत घराच्या पायरीवर अनवाणी उभा राहिलो, एक हात भिंतीला, एका पायावर टाच वर-खाली. उजव्यावर २४ झाले. डाव्यावर अकरा नीट झाले. बाराव्याला टाच अर्धीच उचलली, बोटांनी पायरी गच्च धरली आणि गुडघा थरथरायला लागला.

त्या दिवशी डायरीत लिहिलं: "मे अखेर दोन्ही पाय २५. मंगळवार, शुक्रवार." बाकी काही नाही. नंतर नंतर पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो तांदूळ घेऊन करायचो. मे संपला तेव्हा डावा २३ वर होता. पुढच्या जानेवारीत त्या चढावर पोटरी ओढली, पण गोळा आला नाही.

हे काम ऑफ-सीझनलाच का? स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतो, पण पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या मागच्या जाड शिरेला (अकिलीस टेंडनला) महिने लागतात. शर्यत तोंडावर असताना तेवढे महिने हातात नसतात.

गोव्याची ७०.३, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायची हाफ आयर्नमॅन शर्यत, करणाऱ्यांचं कॅलेंडर वेगळं. ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, म्हणजे त्यांची पावसाळ्यात ऐन तयारी चालते आणि सुट्टी थंडीत मिळते. १.९ किलोमीटर पोहूनच जे गळून जातात, त्यांना मी घड्याळ लावूच देत नाही. २५ मीटरला हात किती मारले, ते मोजा. २८ लागत असतील तर २३ वर आणा. पुढं ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ धावणं आहे, तिथं हे वाचवलेलं बळ कामाला येतं.

आणि पहिले दोन आठवडे खरंच विश्रांती घ्या. एवढ्यात दम कमी होतो, ते खरं आहे. रक्तातला द्रव घटतो म्हणून. पण पुन्हा सुरुवात केली की तो लवकर भरून येतो. त्यानंतरही बरेच आठवडे शेजारच्याशी गप्पा मारता येतील एवढ्याच वेगानं धावा. त्या वेगात तुम्हाला लाज वाटते, हे मला माहीत आहे. वाटू द्या.

तर गेल्या सीझनची डायरी काढा. कितव्या किलोमीटरला, अंगाचा कुठला भाग आधी बोलला, एवढं शोधा. रविवारी सकाळी सहाला मी शालिनी पॅलेसच्या बाजूला असतो. डायरी घेऊन या, आणि बूट काढायची तयारी ठेवा.