जुन्या रोडस्टरमध्ये उपग्रह दिशादर्शन: आतापर्यंतच्या कामाची नोंद

पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मध्ये उपग्रह दिशादर्शन बसवण्याचे काम आता बहुतांशी मार्गी लागले आहे. याच गाडीवर किंवा त्या काळच्या एखाद्या उघड्या दोन आसनी गाडीवर असे काम करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून तपशील नोंदवीत आहे. सुरुवातीलाच दोन अटी ठरवून घेतल्या होत्या. गाडीच्या मूळ वायरिंगची एकही तार कापायची नाही, आणि डॅशबोर्डचे रूप बिघडेल असे काहीही त्यावर चढवायचे नाही. पुढचे जवळजवळ सगळे निर्णय या दोन अटींतूनच निघाले.

अशा गाडीत दिशादर्शक म्हणजे काळाशी विसंगत ठिगळ, असा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो मला पटत नाही. ही गाडी १९८९ मध्ये आली आणि जपानमध्ये ती युनोस या नावाखाली विकली जात असे. त्याच युनोस नावाची कॉस्मो ही गाडी १९९० मध्ये अंगभूत जीपीएस दिशादर्शनासह बाजारात आली, आणि उत्पादनातल्या गाड्यांमध्ये अशी सोय असलेली ती पहिली मानली जाते. तेव्हा कल्पना गाडीच्या काळातलीच आहे. मात्र त्या काळातले उपकरण आज बसवण्यात अर्थ नाही. जीपीएसचा आठवड्यांचा मोजणी आकडा १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो आणि ६ एप्रिल २०१९ रोजी तो दुसऱ्यांदा शून्यावर आला. ज्या जुन्या उपकरणांना सुधारित सॉफ्टवेअर मिळाले नाही, त्यांतली अनेक तेव्हापासून तारीख जवळपास वीस वर्षे मागची दाखवतात. नकाशे जुने असतात, ही अडचण वेगळीच. म्हणून एक-डिन आकाराचे (म्हणजे जुन्या रेडिओच्या खाचेत बसणारे), छोट्या पडद्याचे, स्वतःचा जीपीएस संकेतग्राहक आणि जायरो (वळण ओळखणारा संवेदक) असलेले नवे उपकरण निवडले. पॉर्शेने आपल्या जुन्या ९११ गाड्यांसाठी याच आकारात ३.५ इंची पडद्याचे उपकरण काढले आहे, त्यामुळे हा मार्ग आडवळणाचा राहिलेला नाही. काचेला चिकटवलेला मोबाइल नकाशाच्या बाबतीत सरस असतो, हे मान्यच आहे. पण छत उघडे असताना तो थेट उन्हात तापतो आणि तापला की पडदा मंद करतो किंवा बंदच पडतो.

डॅशबोर्डची मधली चौकट काढणे हा कामातला सर्वांत नाजूक भाग होता. तिचे वरचे स्क्रू हवेच्या दोन गोल जाळ्यांच्या मागे दडलेले असतात, त्यामुळे आधी त्या जाळ्या बाहेर काढाव्या लागतात. तीस वर्षे उन्हात राहिलेले प्लास्टिक ठिसूळ झालेले असते आणि जाळीला धरून ठेवणाऱ्या चिमट्यांना थंडीत जोर दिला तर ते मोडतात. गाडी काही वेळ उन्हात उभी करून, सपाट पट्टीला कापड गुंडाळून, एकाच बाजूने न ओढता जाळी चहूबाजूंनी थोडी थोडी सैल करत आणली की ती शाबूत निघते. चौकट बाहेर ओढताना पुढच्या दिव्यांच्या आणि धोक्याच्या दिव्यांच्या बटणांचे जोड मागे अडकलेले असतात; ते सोडवल्याशिवाय जोर लावू नये. जुना रेडिओ, त्याच्या पट्ट्या आणि स्क्रू चिठ्ठी लावून एका खोक्यात ठेवले आहेत. नव्या उपकरणाचे सगळे जोड मधल्या अडॅप्टरच्या तारांवरच केले आहेत.

विद्युतपुरवठ्याबद्दल थोडक्यात सांगतो. कायमचा पुरवठा आणि किल्लीवरचा पुरवठा रेडिओच्या जोडातच मिळतात, पण तारेच्या रंगावर विसंबण्याऐवजी दोन्ही मल्टिमीटरने तपासून घ्यावेत, कारण इतक्या वर्षांत आधीच्या मालकांनी तिथे काय केले असेल याचा नेम नसतो. या गाडीची बॅटरी डिकीत असते आणि ती लहान असते, म्हणून बंद गाडीतला गळता प्रवाह मोजणे महत्त्वाचे ठरते. ५० मिलिअँपिअरची गळती दिवसाला १.२ अँपिअर-तास खाते आणि क्वचित चालणारी गाडी काही आठवड्यांत सुरू होईनाशी होते. मोजताना डिकी उघडी राहते, त्यामुळे तिथे दिवा असल्यास तो आधी काढून ठेवावा, नाहीतर मीटर दिव्याचाच प्रवाह दाखवत राहतो.

खरी मेहनत अँटेनावर घेतली, आणि माझ्या मते ती तिथेच घ्यावी. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात आणि जमिनीवर पोहोचणारा त्यांचा १५७५.४२ मेगाहर्ट्झचा संकेत इतका क्षीण असतो की धातूचा एक पत्रा मध्ये आला तरी तो संपतो. कापडी छत त्याला अडवत नाही, ही या गाडीची जमेची बाजू आहे. डॅशबोर्डचा वरचा भाग प्लास्टिक, फोम आणि आवरणाचा असल्यामुळे अँटेना त्याच्या खाली, काचेच्या पायथ्याजवळच्या कोपऱ्यात लपवता येते. फक्त डोक्यावर पोलादी आडवी पट्टी किंवा काचेची चौकट येणार नाही आणि तिची सिरॅमिक बाजू आकाशाकडेच राहील, एवढे पाहावे लागते. तिच्याखाली तळहाताएवढा पोलादी पत्रा बसवल्यावर संकेताच्या बळाचे आकडे स्पष्टपणे सुधारले, कारण या प्रकारच्या अँटेनाला खाली धातूची बैठक लागते. प्रवाशाच्या बाजूला एअरबॅग असेल तर तिच्या उघडण्याच्या जागेत पत्रा, अँटेना किंवा केबल यांपैकी काहीही जाऊ देऊ नये.

उपकरणाच्या तपासणी पानावर प्रत्येक उपग्रहाच्या संकेताचे बळ डेसिबल-हर्ट्झमध्ये दिसते. मोकळ्या आकाशाखाली वरच्या उपग्रहांचे आकडे चाळिशीच्या पुढे असावेत. तिशीच्या खाली घसरले तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे. सगळे जागच्या जागी बसवल्यानंतर लायटरच्या खोबणीत मोबाइलचा एक साधा चार्जर खोचला आणि पानावरचे पट्टे डोळ्यांदेखत खाली आले. तो उपसला की पट्टे पुन्हा वर चढायचे. अशा चार्जरमधील स्विचिंग परिपथ रेडिओ लहरींचा गोंगाट करतो आणि अँटेनाची केबल त्याच्या अगदी शेजारून जात होती. केबल दुसऱ्या बाजूने फिरवून आणि चार्जरच्या तारेवर फेराइट (असा गोंगाट शोषणारे कडे) अडकवून घसरण नगण्य झाली. हा प्रयोग चौकट परत बसवण्याआधीच प्रत्येकाने करून पाहावा.

वेगाच्या पल्सची, म्हणजे गाडीच्या वेगाप्रमाणे येणाऱ्या विद्युत ठोक्यांची, तार जोडण्याचा कंटाळा अनेक जण करतात. आकाश मोकळे असेतोवर तिच्यावाचून काही अडत नाही, पण बोगद्यात, उंच इमारतींच्या मधून आणि बहुमजली वाहनतळात उपकरणाला जायरोवरून वळण आणि पल्सवरून अंतर कळले, तरच नकाशावरचा बाण रस्त्यावर टिकतो. या गाडीचा स्पीडोमीटर केबलवर फिरतो आणि त्याच्या मागे एक रीड स्विच (चुंबकाने उघडझाप होणारा स्विच) असतो, ज्याचे पल्स इंजिनाच्या संगणकाकडे जातात. जपानी मानकाप्रमाणे केबल एका किलोमीटरला ६३७ फेरे घेते आणि प्रत्येक फेऱ्याला चार पल्स मिळतात. म्हणजे किलोमीटरला २,५४८ पल्स झाले आणि दर पल्सला साधारण ३९ सेंटिमीटर अंतर आले. याची खात्री करायला चाचणीचा रस्ता लागत नाही. बॅटरी सोडवून, संगणकाचा जोड काढून, मल्टिमीटर आवाजाच्या स्थितीत ठेवून रीड स्विचला लावला आणि गाडी सपाट जागी हाताने हळूहळू ढकलली, की मीटर ठरावीक अंतराने वाजतो आणि गप्प होतो. जमिनीवर खडूच्या खुणा करत गेले तर ते अंतर टेपने मोजताही येते. उपकरण पुढे स्वतःच जीपीएसशी ताळा करून टायरच्या मापातला फरक सामावून घेते. पण मूळ संकेत शुद्ध नसेल, तर ते चुकीचेच शिकत जाते. हाच संकेत इंजिनाचा संगणकही वापरतो, म्हणून जोड दिल्यानंतर पल्सची पातळी खाली आली नाही ना, हे चालू इंजिनावर पुन्हा मोजून घेतले. रिव्हर्स दिव्याची तारही जोडली आहे. ती नसेल तर वाहनतळात गाडी मागे घेताना उपकरण तिला पुढे गेलेली समजते.

पडद्याबाबत माझे मत अनेकांना रुचणार नाही. मधल्या चौकटीतला छोटा पडदा नजरेच्या बराच खाली येतो आणि छत उघडे असताना पाठीमागून येणारे ऊन थेट त्यावर पडते. चमकविरोधी पापुद्रा लावून काही प्रमाणात फरक पडतो, तरी भर दुपारी त्यावरची रस्त्यांची नावे वाचता येत नाहीत. म्हणून वर उचलला जाणारा मोठा पडदा बसवावा असे काहींना वाटेल. मात्र तो हवेच्या जाळ्या झाकतो, गियर बदलताना हाताला अडतो आणि ऊन तर त्याच्यावर अधिकच पडते. दोन आसनी उघड्या गाडीत दिशादर्शन हे मुख्यतः कानाने घ्यायचे काम आहे, असे मी मानतो, आणि पडदा फक्त चौकात नजर टाकण्यापुरता असावा.

सुदैवाने या गाडीच्या काही आवृत्त्यांत आसनांच्या डोक्याकडील उशीत स्पीकर येतात आणि माझ्या गाडीत ते शाबूत आहेत. सूचनांचा आवाज चालकाच्या बाजूच्या त्या जोडीकडे वळवला आहे. तो कानाच्या अगदी जवळ असल्यामुळे छत उघडे असतानाही वाऱ्याच्या वर ऐकू येतो आणि दारातल्या स्पीकरवरचे संगीत मध्ये येत नाही. वेगाच्या पल्सचा इथे आणखी एक फायदा झाला. उपकरण वेगानुसार आवाज आपोआप वाढवते, त्यामुळे महामार्गावर बटणाला हात लावावा लागत नाही आणि सिग्नलला थांबल्यावर शेजारच्या गाडीला आपला मार्ग ऐकू जात नाही.

दोन कामे राहिली आहेत. मायक्रोफोन सध्या स्टिअरिंगच्या दांड्याच्या आवरणावर आहे, पण छत उघडे असताना त्यात वाऱ्याखेरीज काही उमटत नाही, म्हणून तो उन्हाच्या झडपेच्या बिजागरीजवळ काचेच्या चौकटीवर नेऊन पाहणार आहे. दुसरे म्हणजे स्पीडोमीटरची केबल: कमी वेगात काटा किंचित थरथरतो, म्हणजे पल्सही असमान अंतराने येत असणार. ती काढून, साफ करून वंगण द्यायचे आहे आणि त्यानंतर उपकरणाचे शिकलेले मापन पुसून नव्याने सुरू करायचे आहे.