शर्टाची चार बटणं

मी स्पेशल एज्युकेटर आहे, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांची शिक्षिका, चावे-बोचकारे आम्हाला काही नवीन नाहीत, पण ही केस डोक्यातून जात नाही कारण त्यात मीच तोंडावर पडले होते. मुलगा ९ वर्षांचा, मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता, बोलणं दोन-चार शब्दांचं. तक्रार काय तर आईला मारतो. तिलाच जास्त. वडिलांचं म्हणणं, हिनेच लाडावून ठेवलाय, दोन ठेवून दिल्या की गप्प बसतो (बसायचा पण, पुढच्या वेळेपर्यंत).

आधी डॉक्टरांकडून कान, दात, पोट तपासून घेतलं, कारण ज्याला दुखतंय हे सांगता येत नाही ते मूल साध्या बद्धकोष्ठानेही हात उगारू शकतं. काही निघालं नाही. मग मी ठरवूनच टाकलं की हा लक्ष वेधायला करतोय, आणि आईला सांगितलं, मारलं की त्याच्याकडे बघायचंच नाही. मारणं वाढलं. दुर्लक्ष सुरू केलं की सुरुवातीला वाढू शकतं हे शिकलेलं होतं म्हणून मी निवांत. तीन आठवडे तेच चाललं तेव्हा कुठे मी पहिल्या दिवशी करायचं काम केलं, आईला एक वही दिली, तीन रकाने, आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं.

एके दिवशी आई ती वही भरून घेऊन आली. १४ नोंदी. पहिला रकाना वाचत गेले, बूट घालत होते, भरवत होते, तोंड पुसलं, बटणं लावत होते, परत बूट... ११ ठिकाणी ती त्याचं काहीतरी करून देत होती आणि तिसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा एकच, ‘मी थांबले’. म्हणजे मारलं की आईचा हात मागे जातो हे पठ्ठ्याला पक्कं माहीत. आणि माझ्या सल्ल्याप्रमाणे ती दुर्लक्ष करत होती ते कसं, तर त्याच्याकडे न बघता बटणं लावत!

म्हटलं, ताई, हा स्वतः लावून बघतो का कधी?

"नाही हो मॅडम, त्याला कुठे जमणार, बिचारा."

वडील चिडून बोलायचे आणि ही कळवळून, पण दोघांचं म्हणणं एकच होतं, याला काही येणार नाही.

१९८५ मध्ये कार आणि ड्यूरँड या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की मुलाला जे हवंय ते मागायची सोपी सोय दिली की असं वागणं कमी होतं. मला हे पाठ होतं, वापरायला मात्र इतके दिवस लागले. हाताचं चित्र काढून ‘मी करतो’ असं कार्ड केलं, शर्ट त्याच्यापुढे ठेवला. आईचा हात सवयीने पुढे गेला, त्याने हात उगारला, मी तोच हात धरून कार्डावर ठेवला आणि आईला म्हटलं, आता मागे व्हा.

चार बटणांना ११ मिनिटं लागली. आई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. सगळी बटणं चुकीच्या काजांत लागली, ती सरळ करायला आई उठली, आणि परत बसली.