"सवय आहे ताई"

सुतारकाका ओट्याखालच्या कपाटाचं दार आडवं टाकून पॉलिश पेपरने घासत होते. हिरवट धूळ भुवयांवर, मिशीवर बसलेली. मी मास्क पुढे केला, तर म्हणाले, "सवय आहे ताई. काही होत नाही."

ते वाक्य अजून डोक्यातून जात नाहीये.

कपाटं सासूबाईंच्या काळातली, अस्सल सागवानी, वर ऑइल पेंटचे थरावर थर. ते उतरवून मॅट पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश आणि नव्या सॉफ्ट-क्लोज बिजागऱ्या, एवढ्यावर स्वयंपाकघर आजचं दिसेल. असलं लाकूड भंगारात घालू नये, या मताची मी आहे.

पण जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग) कायदेशीर मर्यादा आपल्याकडे लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा रंग कोरडा घासला की धूळ श्वासातून आत जाते, आणि कपड्यांवरून घरीही. लहान मुलांना तर थोडंसं शिसंही घातक. काकांचा नातू दोन वर्षांचा आहे, ते घरी पोचले की आधी त्यांच्या अंगावर झेपावतो म्हणे.

हे ऐकल्यावर त्यांचा हात थांबला.

मग वॉटर पेपर आणला, पाणी मारून घासलं, फरशी ओल्या फडक्याने पुसली. एन-९५ मास्कही लावला. काम लांबलं, मजुरी वाढली. वाढू दे.

शेड कार्ड आपण तासन्‌तास बघतो. घासणाऱ्या माणसाच्या मास्कचे पैसे कोटेशनमध्ये का नसतात? तुमच्याकडचे मिस्त्री मास्क लावतात का?