पॅरलल रूलर की प्लॉटर? आधी टेबल बघा

चार्टवर्क, म्हणजे समुद्राच्या नकाशावर (चार्टवर) कोर्स, म्हणजे जायची दिशा, आखायचं काम शिकायला लागलं की पहिला प्रश्न हाच पडतो, पॅरलल रूलर घेऊ की प्लॉटर, आणि ज्यांना विचारावं ते लगेच आपापल्या पार्टीचा झेंडा काढतात. माझं म्हणणं एवढंच की हत्यार नंतर निवडा, आधी ज्या टेबलावर चार्ट पसरणार आहात ते टेबल नीट बघा. केवढं आहे, हलतं का, चार्ट पूर्ण उघडतो का घडी घालूनच बसवावा लागतो. बाकी निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

पॅरलल रूलर म्हणजे दोन पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या दोन हलत्या दांड्या. रेघेला लावायचा, एक पट्टी दाबून धरायची, दुसरी पुढे सरकवायची, असं चालवत चालवत जवळच्या कंपास रोझपर्यंत, म्हणजे चार्टवर छापलेल्या डिग्रीच्या वर्तुळापर्यंत, न्यायचा आणि रोझच्या मध्यातून डिग्री वाचायची. मोठ्या जहाजाच्या ब्रिजवर (जिथून जहाज चालवतात ती खोली), जिथे चार्ट अख्खा सपाट पडलेला असतो, तिथे हे काम फार छान होतं, हाताला एक लय येते. छोट्या शिडाच्या बोटीत मात्र चार्ट अर्ध्यात दुमडलेला, रोझ नेमका घडीच्या पलीकडे, रूलर घडीवर अडखळतोय, बोट एका अंगाला कललेली, आणि शेवटच्या पावलाला लाट आली की रूलर सटकतो, मग परत पहिल्यापासून. तरी घ्यायचाच असेल तर कॅप्टन फील्ड पद्धतीचा घ्या, त्याच्या कडेला डिग्रीच्या खुणा असतात, त्यामुळे रोझपर्यंत चालत जायची गरज नाही, जवळच्या रेखांशाच्या रेघेवर लावून कोन वाचता येतो. चाकांवर सरकणारा रोलिंग रूलर हलत्या टेबलासाठी विसराच, तो स्वतःच फिरायला निघतो.

छोट्या टेबलासाठी माझं मत सरळ प्लॉटरला. ब्रेटन किंवा पोर्टलँड, दोन्हीची कल्पना एकच, लांब पारदर्शक पट्टी आणि तिच्यात फिरणारी गोल चकती. पट्टीची कड निघायच्या जागेपासून पोचायच्या जागेपर्यंत लावा, पट्टीवरचा बाण जायच्या दिशेला, मग चकती फिरवून तिच्यावरच्या आडव्या-उभ्या रेघा चार्टच्या अक्षांश-रेखांशाला समांतर करा, चकतीवरची उत्तर चार्टच्या उत्तरेला, आणि खुणेसमोर कोर्स वाचा. झालं. रोझ लागतच नाही. खुणेच्या दोन्ही बाजूंना व्हेरिएशनसाठी (खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला फरक) छोटी स्केल असते, पूर्व एका बाजूला पश्चिम दुसऱ्या बाजूला, तिथे वाचलं की मॅग्नेटिक कोर्स थेट मिळतो, बेरीज-वजाबाकी डोक्यात करायला नको (रात्री तीनला थंडीत ती बेरीज हमखास उलटी होते). धोका एकच, बाण उलटा लागला किंवा चकतीची उत्तर खाली गेली तर उत्तर बरोबर १८० डिग्रीने चुकतं. म्हणून प्लॉटरला हात लावायच्या आधी अंदाज बोलायचा, "साधारण ईशान्येला, म्हणजे ४५ च्या आसपास". मग २२५ आलं तर डोळ्याला लगेच खटकतं.

फ्रेंच लोक यासाठी क्रास रूलर वापरतात, एकाच पारदर्शक पट्टीवर दोन कोनमापक, हलणारा भाग एकही नाही. तो बनवणारे जाँ क्रास (१८७९-१९३२) नौदलात अधिकारी होते आणि शिवाय नावाजलेले संगीतकार, ऑपेरा वगैरे लिहिणारे! रूलर वापरायला चांगला आहे, पण आकड्यांच्या दोन ओळींतली कुठली वाचायची हे अंगात मुरेपर्यंत डोकं खातो. जर्मन पद्धतीत दोन त्रिकोण एकमेकांवर सरकवतात, तेही स्वच्छ काम आहे, फक्त दोन्ही हात अडकतात आणि टेबल स्थिर लागतं. डग्लस प्रोट्रॅक्टर म्हणजे चौकोनी कोनमापक, अगदी छोट्या जागेत, मांडीवर बोर्ड घेऊन काम असेल तर तो पुरतो.

आता डिव्हायडर, म्हणजे चार्टवर अंतर मोजायचं दोन टोकांचं हत्यार. सगळे कोर्स मोजायच्या हत्यारावर वाद घालतात आणि डिव्हायडर मिळेल तो उचलतात, माझ्या मते नेमकं उलटं करायला हवं, पैसे इथे घाला. एका हाताने चालणारा पितळी डिव्हायडर बघा, वरचा गोलाकार भाग दाबला की टोकं उघडतात, खालचे पाय दाबले की मिटतात. दुसरा हात चार्ट धरायला, नाहीतर स्वतःला धरायला मोकळा राहतो. शाळेच्या कंपासपेटीतला चालतो का, तर सरावाला चालतो, पण त्याचा सांधा एकतर ढिला असतो नाहीतर अति घट्ट, आणि त्याचा पसारा इतका कमी की दर थोड्या अंतराला पावलं टाकत बसावं लागतं. चांगल्या डिव्हायडरचा सांधा असा हवा की उघडून हवेत हलवला तरी अंतर बदलत नाही. टोकं मिटल्यावर एकमेकांना नीट भिडली पाहिजेत.

आणि अंतर मोजायचं ते कायम बाजूच्या अक्षांशाच्या स्केलवर. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. वर-खालच्या रेखांशाच्या स्केलवर कधीच नाही, ६० अक्षांशावर रेखांशाचं एक मिनिट जेमतेम अर्धा मैल भरतं. त्यातही मर्केटर चार्ट (नेहमीचे समुद्री चार्ट बहुतेक याच पद्धतीचे) ध्रुवाकडे ताणत जातो, म्हणून डिव्हायडर आपल्या रेघेच्या समोरच्याच उंचीवर न्यायचा. हार्बरच्या चार्टवर फरक जाणवत नाही, पण लांब पट्ट्याच्या चार्टवर वरचा मैल आणि खालचा मैल वेगळे असतात ते डोळ्याने दिसतं.

पेन्सिल २बी, षटकोनी, म्हणजे टेबलावरून घरंगळत नाही. कडक पेन्सिल कागदात चर पाडते आणि ती रेघ खोडरबरने जात नाही, पुढच्या वेळी तीच जुनी रेघ खरी वाटते. टोक मात्र सतत काढत राहा. १:५०,००० च्या चार्टवर अर्धा मिलिमीटर जाड रेघ म्हणजे समुद्रावर २५ मीटर, १:१,५०,००० वर तीच रेघ ७५ मीटर. मोकळ्या पाण्यात कोण विचारतो, पण खडकाच्या बाजूने जाताना विचार करावा लागतो.

उलट कोनाच्या बाबतीत लोक उगाच अर्ध्या डिग्रीसाठी भांडतात. एक डिग्री चुकली तर ६० मैलांवर साधारण एक मैल फरक पडतो, १० मैलांवर तीनशे मीटरच्या थोडं वर. छोट्या बोटीत सुकाणूवरचा माणूस लाटांमध्ये पाच डिग्री इकडेतिकडे सहज जातो, मग प्लॉटरवर अर्ध्या डिग्रीच्या खुणा असून करायचं काय. आकडे मोठे आणि मंद लाल दिव्यात वाचता येतील असे हवेत, लाल रंगात छापलेल्या खुणा त्या दिव्यात गायबच होतात. आणि छपाई खालच्या बाजूला असेल तर उत्तम, खुणा कागदाला टेकतात, तिरकं बघितलं तरी वाचन बदलत नाही.

घ्यायच्या आधी दुकानातच तपासून बघता येतं. पॅरलल रूलरने एक रेघ मारा, रूलर चार-पाच पावलं लांब चालवा, मग परत आणा, पहिल्या रेघेवर तंतोतंत बसला तर सांधे ठीक. प्लॉटरच्या कडेने रेघ मारा, तीच कड उलटी करून त्याच दोन टोकांना लावा आणि परत मारा, मध्ये फट दिसली तर कड वाकडी आहे. चकती रोझवर ठेवून ०, ९०, १८०, २७० जुळवून बघा. चकती बोटाने फिरायला हवी पण पट्टी उचलून हलवली तर आपोआप फिरता कामा नये. जुना पितळी रूलर कुणी देत असेल तर दिसायला कितीही सुंदर असो, आधी ती चालवून परत आणायची टेस्ट, सांधे ढिले निघाले तर भिंतीवर लावा, चार्टवर नको.