गाढव, दोन अक्षरी

इस्त्रीचे कपडे घरी आले की गठ्ठ्याचा दोरा सोडायचा आणि आधी वरचं वर्तमानपत्र वाचायचं, ही माझी जुनी खोड. कपडे काय, संध्याकाळपर्यंत पलंगावर पडून राहतात. परवा दुपारी असाच गठ्ठा सोडला, तर कोमट कागदावर शब्दकोडं. कुणीतरी निळ्या बॉलपेननं अर्धं सोडवून ठेवलेलं.

गंमत म्हणजे त्या माणसानं फक्त दोन-दोन घरांचे शब्द भरले होते. गाढव : खर. अंधार : तम. आवाज : रव. बाण : शर. पाच-सहा घरांच्या शब्दांना हातसुद्धा लावलेला नव्हता.

बाबा असल्या शब्दांना चिल्लर म्हणायचे. रविवारी सकाळी खिडकीच्या गजाला आरसा अडकवून त्यांची दाढी चालायची आणि खाली पाटावर मी पेपर घेऊन. मी वाचायचं, त्यांनी फेसातून उत्तर द्यायचं. "आधी चिल्लर काढ. मग मोठी नोट मोडू."

"वारा, तीन अक्षरी."

"अनिल."

मी लिहिलंसुद्धा. मग कळलं की उभ्या शब्दामुळे मधल्या घरात 'व' येतोय.

"मग पवन. अगं, आधी उभं बघत जा ना!"

मराठीत हा एक घोळच आहे. अनिल, पवन, समीर ही कुठल्याही मराठी शाळेच्या हजेरीपटावरची नावं. तिघंही वारा आणि तिघंही तीन अक्षरी. कोण हजर आणि कोण गैरहजर, ते शेजारचं घर ठरवणार. पुढच्या रविवारी 'अग्नी' आला, अ-नं सुरू आणि ल-नं शेवट. मी धडा शिकल्याच्या तोऱ्यात पुन्हा अनिल लिहिलं. बाबांनी वस्तरा बाजूला ठेवला. "वेलांटी काढ. अनल. वेलांटी दिलीस की आगीचा वारा होतो." त्यांच्या हाताचा फेस कागदावर पडला आणि उजवीकडचा कोपरा भिजला. तेव्हापासून मी कोडं पेन्सिलीनंच सोडवते. बॉलपेनवाल्यांविषयी मला आदर आहे, पण भरवसा नाही.

या चिल्लर शब्दांचं मला नेहमी नवल वाटतं. इतक्या वर्षांत मी गाढव पाहिलं, दुसऱ्यांना गाढव म्हटलं, स्वतःला म्हणवून घेतलं. 'खर' मात्र कुणाच्या तोंडून ऐकला नाही. रागाच्या भरात कुणाला "अरे खरा!" म्हणावं, तर तो बिचारा खूशच व्हायचा. तम, रव, शर यांचीही तीच गत. रोजच्या बोलण्यातून कधीच उठून गेलेली ही मंडळी कोड्याच्या घरांमध्ये मात्र भाडं न भरता राहतात. आणि कोडं सोडवणाऱ्याला ती भाजीवाल्याइतकी ओळखीची असतात.

कोडं रचणाऱ्यालाही ती लागतातच. आपल्याकडे एका घरात काना-मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं. 'स्त्री'सुद्धा एकाच घरात कोंबायची. ते घर आडव्यालाही चालायला हवं आणि उभ्यालाही. बिनकाना-बिनवेलांटीचा 'त' कुठंही खपतो, 'स्त्री'ला मात्र उभं जोडीदार शोधताना रचणाऱ्याच्या नाकी नऊ येत असणार. म्हणून मग कर. सोमवारी 'हात' म्हणून आला, गुरुवारी 'किरण' म्हणून, शनिवारी 'सरकारी देणे', आणि एकदा तर 'हत्तीची सोंड'. उत्तर तेच, नुसतं कपडे बदलून दारात उभं. "काही सुचलं नाही तर कर लिहून बघ," हा बाबांचा सल्ला मी एकदा शाळेच्या परीक्षेतही वापरला. त्याबद्दल न बोललेलं बरं.

पाण्याचं तर विचारूच नका. जल, नीर, तोय इथवर ठीक. पण अमरकोशात पाण्याच्या नावांमध्ये 'वन'सुद्धा आहे, हे बाबांनी गालाला तुरटी फिरवत सांगितलं, तेव्हा माझा कोड्यावरचा विश्वासच उडाला. जंगलही वन आणि पाणीही वन, तर माणसानं जायचं कुठं?

अर्थात ही अडचण पहिल्या दिवसापासूनची. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विननं २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये पहिलं शब्दकोडं छापलं, पतंगाच्या आकाराचं. त्यात 'डव्ह' हा शब्द दोनदा येतो. एकदा शोधसूत्र 'एक पक्षी', दुसऱ्यांदा 'कबुतर'. पहिल्याच कोड्यात चिल्लर कमी पडली! शिवाय त्याच कोड्यात एक सूत्र होतं : 'हे कोडं कसं आहे?' उत्तर, अवघड. हा माणूस मला आवडला.

तर माझ्या कागदावर एक घर रिकामं होतं. 'पर्वत', दोन अक्षरी, दुसरं अक्षर 'ग'. बॉलपेनवाल्यानं इथं हात टेकलेले. मीही टेकले. शैल नाही, गिरी नाही, अद्री नाही. पेन्सिल कानाला लावून मी कपड्यांच्या घड्या मोजायला घेतल्या आणि कागदाच्या कडेला इस्त्रीवाल्याचं लाल अक्षर दिसलं : नग १४.

नग! जो जागचा हलत नाही तो. पाच सदरे, चार साड्या, दोन पँटी, तीन कुर्ते, असे चौदा पर्वत माझ्या पलंगावर पडले होते.

मी 'न' भरला. मोठे शब्द मात्र अडूनच राहिले. 'उत्तरे उद्याच्या अंकात', असं खाली छापलेलं होतं, आणि तो उद्याचा अंक आता कुणाच्या तरी पँटींभोवती गुंडाळून चौथ्या मजल्यावर गेला असणार. शेवटी खाली उतरले. इस्त्रीवाला परकरावर पाणी शिंपडत होता. म्हटलं, "दादा, तुमच्याकडच्या रद्दीत कोडं कोण सोडवतं हो?"

त्यानं इस्त्री उभी करून ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. "का ताई, कपडे कमी आलेत का?"

"नाही हो. चौदाच आहेत."