फिट थांबल्या ना, मग आता काय?

नणंद, शेजारच्या काकू, शाळेतल्या बाई, सगळ्यांचं एकच, "गोळ्यांनी फिट बंद झाल्या ना, मग पोरगी अजून अशी घाबरट, वेंधळी का?" आणि मग हळूच, "लाड जरा कमी करा." तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहिते.

तिची फिट म्हणजे तोंडाला फेस, हातपाय झाडणं असलं काही नव्हतंच हो. अ‍ॅब्सेन्स. दहाएक सेकंद पोरगी जागच्या जागी गायब. सात वर्षांची होती, साताचा पाढा घेत होते, सात त्रिक एकवीसला थांबली, नजर भिंतीवर. तीनदा हाक मारली, वाटलं नाटकं करतेय, फाडकन गालात दिली. इतकी दचकली, कारण तिच्या लेखी मी हाक मारलीच नव्हती. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी तिच्या हातात कागदी भिरभिरं दिलं, म्हणाले फुंकत राहा. भराभर श्वास घेतला की ही फिट येते, तीच टेस्ट. भिरभिरं फिरत होतं, मग थांबलं, पापण्या फडफडल्या, तोंड अर्धं उघडं, आणि पुन्हा फुंकायला लागली, मधलं काही घडलंच नाही अशी. डॉक्टर काय समजावत होते देव जाणे, मला तो गाल दिसत होता.

आता ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी, साफ आहे. लक्ष मात्र लागत नाही. मी गोळीला शिव्या घालायचे, व्हॅल्प्रोएट होती, आणि अमेरिकेत 453 मुलांवर झालेल्या ट्रायलमध्ये (2010) लक्षाचा त्रास व्हॅल्प्रोएटवर 49 टक्के मुलांत निघाला, इथोसक्सिमाइड या याच फिटच्या दुसऱ्या औषधावर 33. पण त्याच मुलांत गोळी सुरू व्हायच्या आधीही तिघातल्या एकाला तो त्रास होताच, आणि फिट थांबल्या तरी जात नव्हता. मग शिव्या कुणाला घालू?

उंदरांचंही वाचलं. आनुवंशिक अ‍ॅब्सेन्स असलेल्या जातीच्या उंदरांना लहानपणापासून इथोसक्सिमाइड दिलं तर औषध बंद केल्यावरही फिट कमी, भित्रेपणाही कमी. माणसाच्या पोरांत तसं होतं हे सिद्ध झालेलं नाही, डॉक्टर हेच म्हणाले. तरी रात्री ते औषधाविना गेलेले दोन महिने मोजतेच. नवरा म्हणतो दोन महिन्यांनी काय फरक पडला असता. पडला नसता बहुतेक. त्याही आधी कळलं असतं तर थप्पड तरी वाचली असती.

काल पुन्हा सात चोकला अडकली. मी हात पाठीमागे धरून उभी. वर बघून म्हणाली, "आई, फिट नाहीये, आठवतेय मी."