मीडियम की लार्ज?

ठाण्यात गोखले रोडजवळच्या एका गल्लीतल्या मेडिकलमध्ये मी १९ वर्षं फार्मासिस्ट आहे. म्हणजे १९ वर्षं उभी आहे. एवढ्या काळात व्हेरिकोज व्हेन्सचे, म्हणजे पायातल्या फुगलेल्या शिरांवर घालायचे घट्ट मोजे किती विकले त्याचा हिशेब नाही, पण विकताना प्रश्न एकच विचारायचे, "मीडियम की लार्ज?" गिऱ्हाईक स्वतःच्या पायाकडे बघून काहीतरी ठोकून द्यायचं आणि मी खोकं काढून द्यायचे.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी माळ्यावरचं मखर काढायला स्टुलावर चढले, तर खालून लेक म्हणाली, "आई, पोटरीला काय चावलं तुझ्या?" चावलं काहीच नव्हतं. डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूने खाली एक हिरवट-निळी शीर वर आली होती, मातीखालून गांडूळ सरकत गेल्यासारखी नागमोडी. उभी असले की टच्च, पाय वर घेऊन आडवी झाले की गायब. त्याआधी दोनेक महिने संध्याकाळी पाय भरून यायचे, रात्री पोटरीत गोळे यायचे. मी सगळं चपलांवर ढकललं होतं. फार्मासिस्ट असून.

चिपळूणला आईला फोन केला. ती म्हणाली, "माझ्याही आहेत की. तुझ्या वेळच्या बाळंतपणापासून." मी ४४ वर्षांची आहे. तेवढी वर्षं तिने त्या साडीच्या काठाखाली झाकल्या आणि घरात कोणाला कळलं नाही. या दुखण्याला पुस्तकात 'अपस्फीत नीला' म्हणतात आणि ते घराण्यात चालत येतं, हे मी कॉलेजात पाठ केलं होतं. आईच्या पायांकडे मात्र कधी बघितलं नव्हतं.

पहिली चूक त्याच संध्याकाळी केली. दुकान बंद करताना रॅकमधून लार्जचं खोकं उचललं, मापबीप काही नाही. दुसऱ्या दिवशी टीएमटीच्या बसमध्ये नितीन कंपनीपर्यंत येईतो तो मोजा घरंगळून पोटरीच्या मध्यावर आला आणि त्याची चांगली जाड वळकटी झाली. दुपारी काढला तेव्हा कातडीवर लाल वळ होता आणि खालचा भाग आधीपेक्षा सुजलेला. वरून घट्ट दाब पडला की खालचं रक्त अडणारच. हे मोजे घोट्याशी सगळ्यात घट्ट आणि वर जाताना सैल असे विणलेले असतात, आणि माझ्या वळकटीने नेमका त्याचा उलटा प्रकार केला होता.

दुसरी चूक घोडबंदर रोडच्या एका चकचकीत दवाखान्यात व्हायची ती थोडक्यात टळली. तिथे पायाला हात लावायच्या आधी 'दोन्ही पायांचं लेझर पॅकेज' असा कागद हातात आला. आज बुक केलं तर सवलत. डॉप्लर, म्हणजे शिरांतलं रक्त कुठे वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी? "तो पॅकेजमध्येच आहे, नंतर करू." उजव्या पायाला तर काहीच झालेलं नव्हतं! मी पाणी पिऊन निघून आले.

मग ओळखीतून एका व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जन मॅडमकडे गेले. त्यांनी मला आधी दहा मिनिटं नुसतं उभं केलं, मग पाय बघितले आणि डॉप्लर लिहून दिला. ही सोनोग्राफी उभ्याने करतात. आडवं झालं की शिरा रिकाम्या होतात, मग रक्ताची उलटी गळती दिसणार कशी? मी एका लाकडी पायरीवर, वजन उजव्या पायावर टाकून, डावा पाय सैल सोडून उभी. गारेगार जेल. तपासणारी मुलगी पोटरी दाबायची, स्क्रीनवर निळं उमटायचं, मशीनमधून सूं आवाज यायचा. दाब सोडला की तिथेच लाल उमटायचं आणि तो सूं उलटा ऐकू यायचा, लांबलेला. "हे रक्त परत खाली येतंय," ती म्हणाली. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटं वाहिलं तर शिरेतली झडप नादुरुस्त धरतात. माझं जांघेजवळ दीड सेकंदाच्या वर होतं.

मॅडमनी पेनाने कागदावर एक पाय काढून दाखवला. पायातलं रक्त वर चढवायचं काम पोटरीचा स्नायू करतो. प्रत्येक पावलाला तो आवळतो आणि शिरा पिळतो. शिरांमधल्या झडपा त्या रक्ताला परत खाली येऊ देत नाहीत. नुसतं उभं राहिलं की पंप बंद आणि झडपांवर सगळा भार. जांघेतली एक झडप सैल झाली की खालच्या एकेक करून थकत जातात. आतल्या खोल शिरा माझ्या ठीक होत्या, गुठळी नव्हती. मला त्यांनी 'सी तीन' म्हटलं. ही श्रेणी शून्यापासून सहापर्यंत जाते. दोन म्हणजे फुगलेल्या शिरा, तीन म्हणजे सूज, चार म्हणजे घोट्याजवळची कातडी काळवंडणं, सहा म्हणजे वाहती जखम.

मी विचारलं, मोज्यांनी बरं होईल? मॅडम सरळ म्हणाल्या, "नाही. मोजे त्रास कमी करतील. बिघडलेली झडप मोज्याने दुरुस्त होत नाही." नंतर मी स्वतः वाचलं तेव्हा कळलं की ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ सालीच म्हटलंय की आधी लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने ती शीर आतून बंद करायचा विचार करा, ते जमणार नसेल तर फोमचं इंजेक्शन, मग शस्त्रक्रिया, आणि यातलं काहीच योग्य नसेल तेव्हाच नुसते मोजे. म्हणजे मी इतकी वर्षं ज्याला उपचार म्हणून विकत होते तो त्या यादीत सगळ्यात शेवटी!

मग लगेच लेझर का नाही केलं? कारण पॉलिसी. माझ्या मेडिक्लेममध्ये व्हेरिकोज व्हेन्सला हर्निया, मूळव्याधीच्या रांगेत बसवून २४ महिन्यांचा वेटिंग पिरियड आहे, आणि माझे झाले होते १४. मॅडमना स्पष्ट विचारलं. कातडी चांगली आहे, जखम नाही, रक्तस्राव नाही, तेव्हा थांबता येईल असं त्या म्हणाल्या. दोन गोष्टी मात्र बजावल्या. एकच पाय अचानक सुजला, दुखून गरम लागायला लागला किंवा धाप लागली तर वेळ न घालवता हॉस्पिटल गाठायचं. आणि शीर फुटून रक्त आलं तर घाबरून उभं राहायचं नाही, तिथेच आडवं होऊन पाय वर धरायचा आणि फुटलेल्या जागी स्वच्छ कापड दाबून ठेवायचं.

माप सकाळी घेतलं, अंथरुणातून उठल्या उठल्या. घोट्याच्या वर जिथे पाय सगळ्यात बारीक तिथला घेर २२ सेंटिमीटर. उत्सुकतेपोटी त्याच रात्री परत मोजला, साडेतेवीस. पोटरीचा घेर आणि गुडघ्याखालपर्यंतची उंचीही घेतली आणि खोक्याच्या पाठच्या तक्त्यात बघितलं, तर मी मीडियम! क्लास दोन, म्हणजे दाब २३ ते ३२ एमएमएचजी, गुडघ्यापर्यंत.

आणि मग खरी लढाई सुरू झाली. मोजा पाय सुजायच्या आधी, म्हणजे जमिनीवर उभं राहायच्या आधी घालायचा. आमच्याकडे आंघोळ केल्याशिवाय ओट्याला हात लावत नाहीत. मोजा घालून आंघोळ करता येत नाही, आणि आंघोळीनंतर घालायचा तर तोवर पाय सुजलेले. शेवटी तोड अशी निघाली की आंघोळ करायची आणि परत पलंगावर पाय भिंतीला लावून १५ मिनिटं पडायचं. सासूबाई पहिल्या दिवशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आंघोळ करून लोळायचं? हे नवीनच." आठवड्याने चहा त्याच आणून द्यायला लागल्या, तोही आडवं पडून पिता येत नाही हे लक्षात न घेता.

घालायची पद्धत अशी. मोजा टाचेच्या खिशापर्यंत उलटा करायचा. पंजा आत सरकवायचा, टाच बरोबर टाचेवर बसवायची, मग उरलेला भाग इंच इंच वर. वरची पट्टी धरून ओढायचा नाही, ताण एकाच जागी येतो आणि नखाने धागाही निघतो. हातात भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले की पकड मिळते. पाय कोरडे हवेत, आणि जूनमध्ये ठाण्यात कोरडं काही नसतं. घामोळं आलं, पावडर लावली. दोन जोड्या घेतल्या, रोज रात्री एक साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळत घालते. पावसाळ्यात तो सकाळीही दमटच लागतो. याला उपाय नाही, पंखा आहे.

दुकानात काउंटरखाली सलाईनचं एक रिकामं खोकं ठेवलंय, त्यावर आळीपाळीने एकेक पाय. तासातासाला टाचा वर-खाली वीस वेळा. समोरच्याला वाटतं बाई वरच्या रॅकवर काहीतरी शोधतायत. दुपारच्या सुट्टीत तलावपाळीला दोन फेऱ्या मारते, मासुंदा तलावाचा काठ सपाट आहे तेवढं बरं. गोळे बंद झाले, संध्याकाळची सूज निम्मी झाली. शीर आहे तिथेच आहे.

परवा रात्री नऊला एक गृहस्थ आले. "ताई, ते नसांचे मोजे द्या, लार्ज." मी विचारलं, साखर आहे का? आहे, १२ वर्षं. चालताना पोटऱ्या दुखतात, थांबलं की राहतं, असं होतं का? होतं. पावलं गार पडतात? ते माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, आधी डॉक्टरांकडून पायाच्या धमन्या तपासून घ्या, तिथेच रक्त कमी पोचत असेल तर हा मोजा घात करेल. त्यांनी चिठ्ठी पुढे केली तर चिठ्ठी शेजाऱ्याची होती. मी दिले नाहीत. ते पुटपुटत समोरच्या दुकानाकडे गेले.

गल्ल्यावरून मालक बघत होते. "ताई, गिऱ्हाईक परत पाठवायचं नसतं."

मी ड्रॉवर उघडून शिवणकामाची टेप त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, उद्यापासून मोज्यांचं गिऱ्हाईक सकाळीच बोलवायचं. ते म्हणाले, "सकाळी म्हणजे किती वाजता? आपलं शटर साडेनऊला उघडतं."